क्यूआर बंद करून टाका म्हणणाऱ्यांना

तारीख संपलेला माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो आणि दोष काउंटरवरच्या मुलीच्या माथी येतो. "डोळे कुठे होते तुझे?" म्हणून मालक तिला चार लोकांदेखत बोलतो. कित्येक ठिकाणी त्या मालाचे पैसे तिच्या पगारातून कापले जातात. मी दुकानांत बिलिंगची यंत्रणा बसवतो. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यातली किराणा दुकानं, मेडिकल, बेकऱ्या, लहानमोठी सुपरमार्केटं यांच्या काउंटरमागे माझं रोजचं जाणं-येणं आहे. म्हणून जबाबदारीने लिहितो: त्या मुलीचे डोळे जागेवर होते. तिच्या हातातल्या कोड वाचणाऱ्या गनला तारीख वाचता येत होती, आणि ती वाचायची नाही अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. ही सोय माझ्याच धंद्यातली माणसं करतात, उघड करतात, आणि तिचे पैसे घेतात.

आमच्या धंद्यात एक वाक्य रूढ झालं आहे: "क्यूआर बंद करून टाक." दुकानदाराची तक्रार येते की बिल करताना मध्येच काहीतरी लांबलचक इंग्रजी येऊन पडतं. कधी टेबलावरचा स्कॅनर शेजारी उभ्या केलेल्या यूपीआयच्या पाटीवरचा क्यूआर वाचतो. कधी साबणाच्या वेष्टनावरची जाहिरातीची लिंक बिलात घुसते. कधी एकाच पाकिटावर दोन कोड असतात आणि वस्तू दोनदा लागते. तक्रार खरी असते. डीलरकडचा पोरगा येतो, गनचं मॅन्युअल उघडतो, 'क्यूआर बंद', 'डेटा मॅट्रिक्स बंद' हे सेटिंगचे कोड स्कॅन करतो. गन दोनदा वाजते, तक्रार मिटते, पोरगा सही घेऊन जातो. आपण आत्ता काय गमावलं हे दुकानदाराला कुणी सांगत नाही. सांगितलं तर प्रश्न विचारले जातील, आणि त्यांची उत्तरं द्यायला सॉफ्टवेअरमध्ये काम करावं लागेल.

काय गमावलं ते मी सांगतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं आणि रेघांचा बारकोड दुकानाच्या गल्ल्यावर आला. तेव्हापासून त्या रेघा एकच गोष्ट सांगत आल्या आहेत, ती म्हणजे ही वस्तू कोणती. आपल्याकडच्या तेरा आकड्यांतही एवढंच आहे. सुरुवातीचे ८९० म्हणजे नंबर जीएस१ इंडियाने, बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ संस्थेच्या इथल्या शाखेने, दिला. (त्याचा अर्थ माल भारतात बनला असा होत नाही, व्हॉट्सॲपवर याबद्दल जे फिरतं ते खोटं आहे.) पुढे कंपनीचा आणि वस्तूचा नंबर, शेवटचा आकडा तपासणीचा. गेल्या वर्षी आलेला बिस्किटाचा पुडा आणि आज सकाळी टेम्पोतून उतरलेला पुडा, दोघांच्या रेघा सारख्याच. रेघांना तारीख माहीत नसते, बॅच माहीत नसतो, मग त्या वाचणाऱ्या गनला तरी कुठून कळणार?

चौकोनी ठिपक्यांच्या कोडांत ही माहिती मावते. त्यांना नवे म्हणायचं तरी किती! क्यूआर जपानमध्ये डेन्सो कंपनीत १९९४ साली निघाला आणि डेटा मॅट्रिक्स हा तसलाच कोड त्याहून जुना आहे. त्यांत माहिती कशी भरायची याची जीएस१ची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक माहितीच्या आधी तिची ओळख सांगणारे आकडे येतात. ०१ आलं की पुढचे चौदा आकडे वस्तूचा नंबर. १७ आलं की पुढचे सहा आकडे एक्स्पायरी: वर्ष, महिना, दिवस. १० आलं की बॅच. २१ आलं की त्या एकाच नगाचा स्वतःचा नंबर. गन हे सगळं एका बीपमध्ये वाचते. बिलिंगच्या संगणकाला आजची तारीख ठाऊकच असते, तेव्हा सहा आकड्यांची तुलना करून 'हा माल विकू नका' म्हणायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्सने ताज्या मांसाच्या पाकिटांवर असे कोड आणले आणि तारीख उलटलेलं पाकीट त्यांच्या काउंटरवर अडतं. ते वाचायला लागणारी कॅमेऱ्याची गन आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात मिळते.

लाल रेघ मारणारी जुनी लेझर गन हे कोड वाचू शकत नाही. ती एका रेषेत बघते, तिथे गन बदलण्याला पर्याय नाही. पण गेल्या काही वर्षांत दुकानदारांनी घेतलेल्या पुष्कळ गन कॅमेऱ्याच्या आहेत. 'टूडी आहे, म्हणजे चौकोनी कोडही वाचते, पुढे उपयोगी पडेल' असं सांगून त्यांचे जास्त पैसे वसूल झाले. पैसे घेणाऱ्यानेच नंतर टूडी बंद केलं. याला मी फसवणूक म्हणतो.

आता डीलर म्हणतील, नुसतं चालू करून भागत नाही. बरोबर आहे, भागत नाही. मग पुढचं काम करा ना, त्याचेच तर पैसे घेता! ते काम काय आहे हे दुकानदाराला कळावं म्हणून मी इथे खोलात शिरतो, कारण सगळी पळवाट याच अज्ञानावर उभी आहे.

वस्तूच्या नंबराचे चौदा आकडे ठरलेले, तारखेचे सहा ठरलेले. बॅच मात्र वीसपर्यंत कितीही अक्षरांचा असतो. म्हणून बॅच कुठे संपला हे सांगायला मध्ये एक विभाजक खूण लागते. ही खूण छापलेल्या अक्षरांसारखी दिसत नाही. संगणकाच्या आस्की तक्त्यात तिचा क्रमांक २९. बहुतेक दुकानांत गन कीबोर्ड म्हणून जोडलेली असते, म्हणजे वाचलेलं ती टाइप करून दाखवते, आणि कीबोर्डवर या खुणेचं बटण नाही. त्यामुळे ती वाटेतच गळते, किंवा सॉफ्टवेअर तिला शॉर्टकट समजून भलतीच खिडकी उघडतं. समजा बॅच आहे ए१२ आणि त्यामागे एक्स्पायरी आहे २७११३०. खूण गळली की सॉफ्टवेअरला दिसतं ए१२१७२७११३०. एवढा सगळा बॅच झाला आणि तारीख नाहीशी झाली. डीलर हा गोंधळ दुकानदाराला दाखवतो आणि म्हणतो, "बघा, हे कोड चालत नाहीत."

चालतात. गनमध्ये एक सेटिंग असतं, त्या अदृश्य खुणेच्या जागी दिसणारं एखादं चिन्ह पाठवायचं. सॉफ्टवेअरला ते चिन्ह सांगून ठेवायचं. नाहीतर गन कीबोर्ड म्हणून न जोडता आभासी कॉम पोर्टवर जोडायची, म्हणजे खूण जशीच्या तशी पोचते. दुसऱ्या वाटेचा आणखी एक मोठा फायदा आहे, आणि तो मराठी बिलं छापणाऱ्या दुकानांना ताबडतोब पटेल. गन कीबोर्ड असली आणि संगणकाची भाषा मराठीवर राहिली, तर बॅचमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं पडतात. कॅप्स लॉक चालू राहिला तर लहान अक्षरं मोठी आणि मोठी लहान होतात. कॉम पोर्टला या दोन्हींशी देणंघेणं नाही. हे पहिल्या दिवशी करून द्यायचं काम आहे, आणि बहुतेक डीलर ते करत नाहीत, कारण गन कीबोर्ड म्हणून जोडायला केबल खोचण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

एकाच पाकिटावरच्या दोन कोडांचंही तेच. पुढची काही वर्षं रेघा आणि चौकोन दोन्ही छापले जाणार, हे ठरलेलंच आहे. दोन्हीत वस्तूचा नंबर एकच असतो, चौकोनात तो पुढे शून्य लावून चौदा आकडी होतो. शून्य काढा, तेरा आकडे जुळवा, क्षणभरात तोच नंबर दुसऱ्या कोडातून आला तर एकच नग धरा आणि तारीख चौकोनातली घ्या. यूपीआयची पाटी आणि जाहिरातीची लिंक ओळखणं त्याहून सोपं, कारण त्यांत वस्तूचा नंबर ठरलेल्या जागी नसतो. तो नसेल तर वाचलेलं टाकून द्या, बिलात पडू देऊ नका. नव्या पद्धतीत वेबपत्त्याच्या रूपातला क्यूआरही येतो, त्याच्या आत तेच ०१, १०, १७ बसवलेले असतात. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्यातून माहितीचं पान उघडतं आणि काउंटरवर त्यातूनच तारीख निघते. अशा क्यूआरला आणि जाहिरातीच्या क्यूआरला एकाच मापाने मोजून दोन्ही बंद करणारा माणूस स्वतःला तंत्रज्ञ म्हणवून घेतो, याचा मला राग येतो.

औषधांच्या तारखेतली एक बारीक गोष्टही राहायला नको. पट्टीवर बहुतेक वेळा महिना आणि वर्ष एवढंच असतं. कोडात तेव्हा दिवसाच्या जागी ०० येऊ शकतात. त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. मी अशी सॉफ्टवेअरं पाहिली आहेत जी ०० दिसताच 'चुकीची तारीख' म्हणून पूर्ण कोड फेटाळतात. लिहिणाऱ्याने जीएस१चे नियम उघडूनही पाहिलेले नसतात.

सॉफ्टवेअर कंपन्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण डीलर हा हात आहे, डोकं तिकडे आहे. आयटमच्या कोडाचा रकाना तेरा अक्षरांचा, आणि गनकडून जे येईल ते पूर्णच्या पूर्ण वस्तूचा नंबर समजायचं, अशी रचना वर्षानुवर्षं चालवली जाते. हे दुखणं नवं नाही. अमेरिकेत पूर्वी काउंटरवर बारा आकडेच चालत. बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांना, आपल्या निर्यातदारांनाही, तिथे माल पाठवण्यासाठी वेगळा बारा आकडी नंबर घ्यावा लागे. शेवटी १ जानेवारी २००५ ही मुदत घालून तिथल्या दुकानांना एक आकडा वाढवायला लावलं. आता जीएस१ने २०२७ अखेरचं उद्दिष्ट ठेवलं आहे: जगभरातल्या काउंटरवर रेघांबरोबर चौकोनी कोडही वाचता यावेत. हा कायदा नाही. म्हणून आपल्याकडचे सॉफ्टवेअरवाले म्हणतात, "कंपन्या कोड छापू लागल्या की बघू." कंपन्या म्हणतात, "काउंटरवर वाचत नाहीत, छापून काय करायचं?" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे, आणि मधल्या मधे गिऱ्हाईक जुनं दूध पितं.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे. वेष्टनाची रिळं आधीच छापून येतात. त्यांवर छापलेला कोड सगळ्या पाकिटांवर सारखाच राहणार, त्यात बॅच आणि तारीख येऊ शकत नाही. त्यासाठी पॅकिंगच्या लाइनवरच, माल भरताना, कोड छापावा लागतो आणि धावत्या लाइनवर तो वाचण्याजोगा उमटला पाहिजे. याला खर्च आहे, हे मला मान्य आहे. पण तारीख तर आजही तिथेच छापता ना? ती काय अवस्थेत छापता हे एकदा आपल्या आईला वाचायला द्या. गडद निळ्या वेष्टनावर काळे ठिपके, तेही चिकटवलेल्या शिवणीवर, अर्धे दुमडीत गेलेले. साठीच्या पुढच्या माणसाला ते वाचता येत नाही आणि गर्दीत काउंटरवरच्या मुलीलाही येत नाही. आणि त्याच पाकिटावर पुढच्या बाजूला, लख्ख पांढऱ्या जागेत, स्पर्धेत भाग घ्या म्हणून अंगठ्याएवढा क्यूआर छापलेला असतो. बक्षिसासाठी जागा सापडते, एक्स्पायरीसाठी सापडत नाही.

एमआरपीचा गोंधळ तर प्रत्येक दुकानदाराने २०२५च्या दसरा-दिवाळीत भोगला. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले. जुन्या मालावर नव्या एमआरपीचं स्टिकर लावायची मुभा मिळाली. रेघा मात्र त्याच राहिल्या. एकाच बारकोडला दोन किमती, कधी तीन. गन मारली की पडद्यावर किमतींची यादी उघडते आणि कॅशियरने पाकीट फिरवून एमआरपी शोधून योग्य ओळ निवडायची. मागे दहा माणसं उभी. चुकीची ओळ निवडली तर गिऱ्हाईक भांडतं किंवा मालकाचं नुकसान होतं, दोन्ही वेळा बोलणी कुणी खायची हे ठरलेलं. कोडात बॅच असता आणि सॉफ्टवेअरने तो वाचला असता, तर खरेदीच्या नोंदीतली त्या बॅचची किंमत आपोआप लागली असती. सणासुदीच्या गर्दीत माणसांना यादीतून किंमत निवडायला लावणारी यंत्रणा मी अर्धवट समजतो.

खरा धोका मात्र मेडिकलमध्ये आहे. तिथे बिलावर बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही छापून येतात, त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो. ते छापलेलं येतं कुठून? औषधाचं नाव टाइप केलं की स्टॉकमधल्या बॅचची यादी उघडते आणि घाईत पहिल्या ओळीवर एंटर दाबला जातो. हातातली पट्टी ड्रॉवरमधून जी आली ती आली. बिलावरचा बॅच एक आणि पिशवीतल्या पट्टीवरचा दुसरा, हे मी या पट्ट्यातल्या मेडिकलमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, "चालतं हो."

चालत नाही. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा काढला तो एसआर-१३ या बॅचचा: विक्री थांबवा, वापर थांबवा. घातक औषध परत बोलावताना हाक बॅचच्या नावाने मारतात. ज्या दुकानाच्या नोंदीत बॅच अंदाजाने लागतो, ते दुकान कुणाला फोन करणार? कोणती बाटली कोणाच्या घरी गेली हे त्याला माहीतच नाही. आणि ज्याच्या नोंदी चुकीच्या आहेत तो भलत्या घरी फोन करून खऱ्या घराला गाफील ठेवेल.

सरकारने इथे अर्धं पाऊल टाकलं. औषध नियमांत अनुसूची एच-२ आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून बनणाऱ्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, परवाना क्रमांक अशी आठ प्रकारची माहिती हवी, हे नियमाने सांगितलं. ती कोणत्या रचनेत भरायची हे बांधून दिलं नाही. परिणाम समोर आहे. एक कंपनी साध्या ओळींत मजकूर भरते, दुसरी वेबपत्ता देते. माणसाने मोबाइलवर उघडून वाचावं एवढाच उपयोग उरतो, बिलिंगच्या संगणकाला त्यातून एकसारखी तारीख काढता येत नाही. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांच्या खोक्यांवर एकाच रचनेचा डेटा मॅट्रिक्स आहे आणि देताना औषधविक्रेता तो स्कॅन करून खोकं खरं की बनावट हे पडताळतो. आपण औषध जगाला विकतो. निर्यातीच्या औषधांच्या बाहेरच्या खोक्यांवर २०११ सालीच जीएस१चे कोड छापायला लावणारा देश घरच्या माणसासाठी रचना ठरवून देत नाही, हे संतापजनक आहे. नियमात एक ओळ वाढवायची आहे. ती वाढवा.

दुकानदारांनाही सांगायचं आहे, कारण अंगावर येणार ते तुमच्याच. अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम २७ स्पष्ट आहे: तारीख उलटलेला पदार्थ विकला तर विक्रेता जबाबदार. त्यात तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव नाही, डीलरचं नाही, क्यूआर बंद करून गेलेल्या पोराचं नाही. दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, मात्र तुम्ही त्यांना भरता. मग काउंटरवरच्या मुलीला झापण्याऐवजी एकदा त्यांना दुकानात बोलवा आणि तुमच्या डोळ्यांसमोर चाचणी घ्या. तुमच्याच दुकानातल्या एखाद्या वस्तूच्या नंबराचा जीएस१ डेटा मॅट्रिक्स त्यांच्याकडून छापून घ्या, त्यात आधी बॅच ठेवा आणि मागे कालची तारीख. गन मारा. बिल अडलं पाहिजे. मग तारीख पुढच्या वर्षातली, दिवसाच्या जागी ००. बिल झालं पाहिजे आणि बॅच अक्षरन् अक्षर बरोबर दिसला पाहिजे. मग त्याच वस्तूच्या रेघा आणि चौकोन लागोपाठ. एकच नग लागला पाहिजे. मग संगणकाची भाषा मराठीवर टाकून पुन्हा, आणि शेवटी यूपीआयची पाटी गनसमोर धरा. बिलात काहीही पडता कामा नये. यातलं एक जरी चुकलं आणि समोरचा माणूस मॅन्युअल उघडून 'बंद करून टाकतो' म्हणाला, तर सही करू नका, आणि एएमसीचा चेक गल्ल्यातच ठेवा.